नातवंडे आली, गोळी राहिली

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावसारख्या गावांत पुण्या-मुंबईच्या पासिंगच्या गाड्या दिसू लागतात. शहरातल्या इंग्रजी शाळांना नाताळची सुटी लागलेली असते, नोकरदारांना उरलेल्या रजा संपवायच्या असतात. एरवी आजी-आजोबा दोघेच राहतात, त्या घरात बारा-चौदा माणसे होतात. सोलेभात शिजतो, तुरीच्या शेंगा उकडल्या जातात, शेतात रोडगे-वांग्याच्या भाजीचा बेत ठरतो. म्हाताऱ्या माणसांसाठी वर्षातले हे सर्वांत आनंदाचे दिवस. मात्र त्यांच्या तब्येतीवर सर्वांत कमी लक्षही याच दिवसांत असते.

सुरुवात साध्या गोष्टीपासून होते. मधुमेह असलेले आजोबा सवयीने सकाळी साखरेची गोळी घेतात. रोज अकराला जेवतात, पण आज शेतातले रोडगे भाजून होईपर्यंत तीन वाजतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाच्या रक्तातली साखर अशा वेळी धोकादायकरीत्या घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. ‘ऊन लागलं’ म्हणून त्यांना झाडाखाली निजवले जाते. खरी गरज तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच देण्याची असते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

रक्तदाबाचे उलटे होते. पाहुण्यांच्या गडबडीत गोळी राहून जाते. त्यात लोणचे, पापड, ठेचा यांतून रोजच्यापेक्षा जास्त मीठ पोटात जाते. पहाटेच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. रात्री गप्पांत जागरण होते. एकेक गोष्ट किरकोळ वाटते, पण आधीच थकलेल्या हृदयावर या सगळ्यांचा भार एकाच आठवड्यात पडतो.

सणासुदीचा हा ताण स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजून पाहिला. 1998 ते 2013 या काळातल्या सुमारे 2 लाख 83 हजार हृदयविकाराच्या झटक्यांची त्यांनी तपासणी केली. 2018 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या या अभ्यासात नाताळच्या सुटीत झटक्यांचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी जास्त आढळले. 24 डिसेंबरला, म्हणजे तिकडे सारे कुटुंब एकत्र जमते त्या दिवशी, ते 37 टक्क्यांनी जास्त होते आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. पंचाहत्तरी ओलांडलेले, मधुमेही आणि आधीच हृदयविकार असलेले यांना धोका अधिक होता. हा दोष केवळ थंडीचा म्हणावा, तर न्यूझीलंडमध्ये नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. तिथेही या दिवसांत हृदयविकाराने होणारे मृत्यू 4 टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसले.

आपल्याकडचा सण वेगळा, पण माणसाचा स्वभाव तोच. या वाढीचे एक संभाव्य कारण संशोधक सांगतात, ते आपल्या घरांतही नेहमी दिसते: दुखणे अंगावर काढणे. रात्री आजीला छातीत जड वाटते, पण ती कोणालाच उठवत नाही. ‘पोरं चार दिवसांसाठी आली, त्यांचा बेरंग कशाला करू?’ आजोबा म्हणतात, ‘गॅस झाला असन.’ मग ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो आणि पहाट होते. झटका येतो तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि मिनिटागणिक स्नायू मरत असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत, त्यातही पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत उपयोगी पडते. सकाळपर्यंत थांबले तर ही संधी निसटते.

म्हणून छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक दम, गार घाम यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करावा आणि ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात जावे. वयस्कर स्त्रियांत आणि मधुमेहींत छाती न दुखताही झटका येऊ शकतो. नुसता दम लागणे किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच लक्षण असू शकते. रुग्णाला चालत नेऊ नये, दुचाकीवर मध्ये बसवून तर नाहीच.

सुटीला आलेल्या मुला-सुनांना यासाठी फार काही करावे लागत नाही. पोचल्याच्या दिवशी आई-वडिलांचा औषधांचा डबा उघडून पाहावा. कोणती गोळी संपली, कोणती महिनाभर तशीच पडून आहे, हे त्यांच्या तोंडी उत्तरापेक्षा डबा खरे सांगतो. रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. शेतात जाताना त्यांचा डबा वेगळा बांधावा, म्हणजे रोडगे उशिरा झाले तरी त्यांचे जेवण वेळेवर होईल. रोजच्या गोळीची आठवण करण्याचे काम एखाद्या नातवाकडे द्यावे. मुले ते मोठ्यांपेक्षा चोख करतात.

आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी: ‘रात्री कितीही वाजता काही झालं, तरी आम्हाला उठवायचं.’ बेरंग होईल म्हणून गप्प राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अशी परवानगी लागते. ती मागायला तो स्वतःहून येत नाही.