मानेचे दुखणे अठराव्या वर्षी संपत नाही

दिल्लीत ‘एम्स’समोरच्या पदपथावर अंथरूण टाकून बसलेली कुटुंबे आपल्या नजरेला सरावली आहेत. त्यांतल्या एका मातेशी मध्यंतरी बोललो. मुलाची मान जन्मापासून आखूड. ती पुरती वळत नसे. गावात थट्टा होई, उपचार नव्हते. खेळताना पडल्यावर हातांतली शक्ती गेली, तेव्हा कोठे निदान झाले. शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. तिचा प्रश्न एकच होता : ‘आता किती वर्षे दाखवायला यायचे?’

प्रामाणिक उत्तर आहे, आयुष्यभर. गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांत मानेचे मणके नीट सुटे झाले नाहीत, तर ते जोडलेलेच राहतात. १९१२ मध्ये क्लिपेल आणि फील या फ्रेंच वैद्यकांनी या विकाराचे वर्णन केले. अशी अनेक मुले विनातक्रार वाढतात. परंतु जोडलेल्या मणक्यांचा भार शेजारच्या सुट्या सांध्यांवर पडतो. ते लवकर झिजतात आणि मज्जारज्जूवरील दाब कधी तिशी-चाळिशीत प्रकट होतो. वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असेल, तर किरकोळ धक्काही घातक ठरू शकतो. मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती यांचीही तपासणी आवश्यक असते.

कौशल्याची आपल्याकडे वाण नाही. या दोन मणक्यांना पट्टी व स्क्रूंनी स्थिर करण्याची, मुंबईच्या ‘केईएम’मधील डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. उणीव आहे ती शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे सुरू झाला. त्याच्या मूळ यादीतील नऊ जन्मजात दोषांत वाकडे पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. मानेचे जोडलेले मणके नाहीत. शिवाय तो अठराव्या वर्षी थांबतो, नेमका झिजेचा काळ सुरू होण्यापूर्वी. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील आरक्षणासारख्या सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. चालता येणारा, परंतु धक्क्याला जपून जगणारा तरुण त्या मापात सहज बसत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. शाळातपासणीत मान वळते का, हे पाहावे. संशय आल्यास जिल्ह्यातच क्ष-किरण चित्र काढावे. आणि बालरोग विभागाने अठराव्या वर्षी मुलाला निरोप न देता, त्याची नोंदवही प्रौढांच्या विभागाकडे सोपवावी. त्या मातेला उत्तर पदपथावर नव्हे, तिच्या जिल्ह्यात मिळायला हवे.