भुंग्याच्या पिल्लांचा घास

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी नेदरलँड्सला गेले होते. नातवाच्या बाटल्या उकळून ठेवणं हे माझं ठरलेलं काम. एका रविवारी जावई म्हणाले, ‘‘चला आई, टोमॅटोचं काचघर दाखवतो.’’

आत झाडांच्या लांबच लांब रांगा आणि मधेमधे पुठ्ठ्याची खोकी. खोक्यांतून गुबगुबीत, केसाळ माश्यांची ये-जा चाललेली. या बंबलबी, म्हणजे आपल्या भुंग्याच्या नात्यातल्या. फूल घट्ट धरून ही माशी अंग थरथरवते आणि पराग झडतो. पूर्वी हे काम माणसं विजेवर थरथरणारी कांडी घेऊन करायची. १९८७ मध्ये बेल्जियममध्ये या माश्यांची व्यापारी पैदास सुरू झाली.

माझा आपला बायकी प्रश्न, ‘‘पैदास करताना पिल्लांना भरवतात काय?’’ तर मधमाश्यांचा पराग! मधपेटीच्या दाराशी बारीक भोकांची जाळी लावतात. आत शिरताना मधमाशीच्या पायांवरचे परागाचे गोळे गळून पडतात. तेच या पिल्लांचं अन्न. प्रथिनं मिळतात ती त्यातूनच.

पण दुसऱ्या घरचा घास म्हणजे त्या घरची दुखणीही आलीच. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११-१२ मध्ये ‘रोगमुक्त’ म्हणून विकली जाणारी ४८ खोकी तपासली. ७७ टक्के खोक्यांत रोगजंतू सापडले! सोबतच्या परागातही ते होते आणि तो खाऊन निरोगी माश्यांनाही लागण झाली.

आजार काचघरातच राहिला तर एक वेळ ठीक. पण माश्या बाहेर उडतात, त्याच फुलांवर रानातल्या माश्या बसतात. चिलीत १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपातली बंबलबी नेली. त्यानंतर पॅटागोनियातली मूळची मोठी, तांबूस बंबलबी बऱ्याच भागांतून दिसेनाशी झाली. पाहुणीने आणलेले रोगजंतू हे त्याचं एक कारण असावं, असं अभ्यासक मानतात.

गॅमा किरणांनी पराग निर्जंतुक करता येतो. म्हणजे आपलं बाटली उकळणंच की! आणि पोटाला हवेत ते चांगले जंतू पिल्लांना घरातल्या बहिणींकडूनच मिळतात. त्यासाठी परका पराग लागत नाही.

त्या संध्याकाळी बाटल्या जरा जास्तच वेळ उकळल्या. लेक हसली. हसू दे बापडी! घास कुठून आला, हे भरवणारीने बघायला नको का?