मुक्काम आधी, गाडी नंतर

गाडी आणि तंबू हा विषय तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला कसा काय दिला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत तिसरा 'संशय' आणि चौथा 'प्रयोजन' आहे. शोरूममध्ये या दोघांनाही प्रवेश नसतो. म्हणून शोरूमला जाण्यापूर्वी तासभर इथे बसायला हरकत नाही.

या सभागृहात निवृत्त मंडळी बरीच दिसतात. ग्रॅच्युइटीच्या पैशातून मोठी फोर-बाय-फोर घ्यायची, छतावर तंबू लावायचा आणि देश बघायला निघायचं, असा बेत हल्ली पुष्कळ जण करतात. बेत चांगलाच आहे. नागपूरइतकी सोयीची जागा त्यासाठी दुसरी नाही. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग आपल्या गावातून जातो, आणि हजिरा ते पारादीपचा ५३ क्रमांकाचाही. प्रश्न आहे तो पैसा कशावर घालायचा याचा, कारण तो पैसा पुन्हा मिळायचा नाही.

आपल्याकडे पूर्वी हा विचार भाषेतच होता बघा. माल न्यायची ती बंडी, माणसं न्यायची ती दमणी किंवा रेंगी. लग्नाला जायला कोणी बंडी जुंपत नसे आणि दमणीत कापसाची बोंद्री भरत नसे. कामं वेगळी म्हणून गाड्या वेगळ्या. आता एकाच गाडीनं सगळं करावं अशी आपली अपेक्षा असते, आणि तिथेच हिशेब चुकतो.

विदर्भात मुक्कामाचं शास्त्र कोणाला येतं? माझ्या मते कच्छकडून येणाऱ्या रबाऱ्यांना. मेंढ्या आणि उंट घेऊन ते आपल्या शिवारांतून फिरतात, शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. त्यांचा उंट कधी नीट पाहिला का? पाठीवर बाज उलटी बांधलेली असते, पाय वर करून. त्या चार पायांच्या मधे अंथरूण, भांडी, कोकरं, कधी लेकरूही. चालताना ती बाज टोपली असते आणि मुक्कामाला पोचली की पलंग. एका वस्तूची दोन कामं.

पण बाज कशाला? सतरंजीवर झोपता येत नाही काय? येतं, पण आपल्याकडे मण्यार आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस झोपेतच राहतो किंवा पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो. तेव्हा जमिनीपासून उंचावर झोपणं ही इथे चैन नाही. छतावरच्या तंबूच्या बाजूनं सगळ्यात जोरदार मुद्दा हाच आहे, हे मी मान्य करतो. पण दुमडणारी खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हेच काम करते. किंवा तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा जमिनीवरचा तंबू. दोन्हींचं वजन मिळून छतावरच्या तंबूच्या निम्मंही होत नाही.

आता वजनाचाच हिशेब करू. समजा तुमच्या गाडीची भारक्षमता ४५० किलो आहे. दोन जोडपी निघाली, सरासरी ७० किलो धरा, २८० गेले. उरले १७०. छतावरचा तंबू ६० आणि त्याची चौकट २०, उरले ९०. माणशी रोज ५ लिटर पाणी, दोन दिवसांचं ४० लिटर, म्हणजे ४० किलो. उरले ५०. त्यात शेगडी, सिलिंडर, अंथरूण, कपडे, औषधं, जादा चाक बसवा! शिवाय ते ८० किलो डोक्यावर आहेत. वळणावर गाडी झुकते, ब्रेक उशिरा लागतो. चालत्या गाडीच्या छतावर किती वजन चालेल हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तो उभ्या गाडीच्या आकड्याहून बराच कमी असतो, आणि विक्रेता बहुधा दुसराच सांगतो.

फोर-बाय-फोरचं काय? दिल्लीहून लेहला उन्हाळ्यात हिमाचल परिवहनाची साधी बस जाते. चारही चाकांना जोर नसतो तिला. पोटाखालची उंची आणि चालकाचा संयम, यावर ती जाते. वाळूत, बर्फात चार चाकांचा जोर उपयोगी पडतो, नाही असं नाही. पण पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत उतरलात तर टायरच्या खाचा चिखलानं भरून चारही चाकं सारखीच घसरतात. तिथून ट्रॅक्टरच काढतो. मी म्हणेन, फरकाचे पैसे टायरवर घाला. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असताना, समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तासाला १२० च्या वेगानं, जास्त वजन आणि कमी हवा असलेला टायर हा मृत्यूच आहे. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासायची.

मुक्कामाची जागा निवडताना कोरडा नाला टाळा. वाळू मऊ असते, मोह होतो. पण पाऊस वर कुठेतरी पडतो, किंवा धरणाचं दार उघडतं. पेंचसारख्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही, ते बरंच आहे. आणि थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत घेऊ नका. तो वायू वासावरून कळत नाही, झोपेतच माणूस जातो.

गाडीत पलंग, ओटा बसवून घ्यायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी ते कलम बरोबर वाचते.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं सामान भरा, सगळी माणसं बसवा आणि गाडी धर्मकाट्यावर न्या. चिठ्ठीवरचा आकडा आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून बघा. जास्त भरला तर तिथेच उभं राहून काय उतरवायचं ते ठरवा. बायकोला विचारून ठरवा, नाहीतर शेगडी घरी राहील आणि तुमची दुर्बीण सोबत येईल.