आर्मेरो गिळणारा चिखल
१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवादो देल रुईझ या सुमारे ५,३०० मीटर उंचीच्या, बर्फाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक झाला. उद्रेक तसा लहानच. पण धगधगत्या राखेच्या आणि वायूंच्या लोटांनी माथ्यावरचं बर्फ वितळलं आणि ते पाणी माती, दगड, झाडं ओढत नद्यांच्या पात्रांतून खाली सुटलं. अशा लोंढ्याला ‘लहार’ म्हणतात. लाव्हारसाहून तो कितीतरी वेगवान, म्हणूनच अधिक घातक. सुमारे अडीच तासांनी तो आर्मेरो गावात घुसला. सगळीकडची मिळून २३,००० च्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आर्मेरोची. मन विषण्ण होतं ते पुढच्या गोष्टीने: धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. तरीही गाव वेळेत हलवलं गेलं नाही.