घरी सीएनसी बनवताय? कंट्रोलर घेण्याआधी हे वाचा

सीएनसीच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "सर, फ्रेम तयार आहे, कंट्रोलर कुठला घेऊ?" विचारणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात चार नाहीतर पाच ॲक्सिस आधीच ठरलेले असतात. मी उलट विचारतो, पहिले सहा महिने या मशीनवर पैसे कशाचे मिळणार आहेत? नेमप्लेट, ॲक्रिलिकची अक्षरं, एमडीएफची जाळी, गणपतीचं मखर? ही सगळी कामं तीन ॲक्सिसमध्ये होतात.

मखराचं नाव मुद्दाम घेतलं. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि एमडीएफ, प्लायवूड, पुठ्ठ्याच्या मखरांना जागा झाली. पण हा धंदा गणपतीआधीच्या काही आठवड्यांचा. त्यात मशीन आठ दिवस बंद पडलं तर सीझन गेला, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तुमच्याकडे येणार नाही. म्हणून माझी पहिली कसोटी ही: कंट्रोलर बिघडला तर दुसरा किती तासांत हातात येईल, आणि तो बसवणार कोण?

आता थोडं आतलं समजून घेऊ, म्हणजे दुकानदार काय विकतोय ते कळेल. डिझाइनवरून कॅम सॉफ्टवेअर जी-कोड बनवतं. कंट्रोलर तो वाचून प्रत्येक मोटरसाठी पल्स सोडतो. ड्रायव्हर त्या पल्सप्रमाणे मोटरला करंट देतो. म्हणजे कंट्रोलर हा हुकूम देणारा आणि ड्रायव्हर हा ताकद पुरवणारा, दोन वेगळ्या वस्तू. स्वस्त किटमध्ये दोन्ही एकाच बोर्डावर दिसतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

पल्सचा हिशोब घरी कागदावर करता येतो. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते. ड्रायव्हरवर १/८ मायक्रोस्टेप लावलं की १६०० पल्स. बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी सरकत असेल तर एका मिलिमीटरला ३२० पल्स. तुम्हाला मिनिटाला ३००० मिमी, म्हणजे सेकंदाला ५० मिमी वेग हवाय, तर सेकंदाला १६,००० पल्स लागतील. अर्डुइनो ऊनोवर चालणारं जीआरबीएल साधारण ३०,००० पर्यंत जातं, त्यामुळे आरामात बसतं. पण "जास्त बारीक, जास्त अचूक" म्हणत १/१६ लावलं की हाच आकडा ३२,००० होतो आणि ऊनो कमी पडतो. गंमत म्हणजे १/८ वरच एक पल्स ०.००३ मिमीची आहे. घरी बनवलेली फ्रेम त्याच्या कितीतरी पट वाकते! तेव्हा बोर्ड बदलण्याआधी हिशोब करा.

आता चार ॲक्सिसची गोष्ट. ऊनोवर बसणाऱ्या प्रसिद्ध सीएनसी शील्डवर ड्रायव्हरचे चार सॉकेट असतात, म्हणून ते "फोर ॲक्सिस" म्हणून विकलं जातं. मूळ जीआरबीएल मात्र तीनच ॲक्सिस चालवतं. चौथा सॉकेट जंपर लावून एक्स, वाय किंवा झेडची नक्कल करायला असतो, उदाहरणार्थ गँट्रीच्या दोन्ही बाजूंना मोटर असेल तेव्हा. मोटर चार, ॲक्सिस तीन. घाटकोपरचा आमचा एक विद्यार्थी देवघराचे खांब कोरायचे म्हणून असं किट घेऊन आला होता. त्याला मी नवीन कंट्रोलर घ्यायला लावला नाही. वाय ॲक्सिसची वायर काढून ती रोटरी चकच्या मोटरला लावायची आणि कॅममधून डिझाइन गोल गुंडाळून घ्यायचं. एक्सवर लांबी, वायच्या जागी फिरणं, झेडवर खोली. खांब, लाटणं, पलंगाचे पाय, सगळं यावर होतं. वायर बदलताना मशीन पूर्ण बंद ठेवा, चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर काढली तर ड्रायव्हर जळू शकतो. हे काम रोजचं झालं की मग खरा चार ॲक्सिसचा कंट्रोलर घ्या, तेव्हा त्याचे पैसे तेच काम फेडेल.

पाच ॲक्सिस एकत्र फिरवणं हा वेगळाच संसार आहे. कंट्रोलर मिळेलही, पण कॅम सॉफ्टवेअर महाग पडतं आणि टूलच्या टोकाचं गणित मशीनच्या मापांशी जुळवावं लागतं. धंदा सुरू करणाऱ्याने सध्या तिकडे बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घ्यायचं काय? शिकायला ऊनो आणि जीआरबीएल उत्तम, बोर्ड गेला तरी खिशाला फारसं लागत नाही. वेग किंवा ॲक्सिस वाढवायचे असतील तर ३२-बिट बोर्डावरचं जीआरबीएल-हॅल किंवा ईएसपी३२ वरचं फ्लुइडएनसी बघा. मॅक-३ जुन्या कारागिरांच्या हातात बसलेलं आहे, पण प्रिंटर पोर्टवर ते ६४-बिट विंडोजमध्ये चालत नाही, वेगळं मोशन कार्ड लागतं. लिनक्ससीएनसी फुकट आणि ताकदवान आहे, फक्त लिनक्सशी मैत्री हवी. आणि रोज दुकान चालवायचं असेल तर मी पेनड्राइव्हवर चालणारा हँडहेल्ड कंट्रोलर घेईन, ज्याला बाजारात सगळे डीएसपी म्हणतात. रिचऑटोचे यात बरेच दिसतात. कारण साधं आहे. तुम्ही गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलात की मागे दुकानातला मुलगा पेनड्राइव्ह लावून स्टार्ट दाबू शकतो. लॅपटॉप झोपला, विंडोज अपडेट आलं, ही कटकट नाही. लाइट गेल्यावर काम तिथूनच पुढे सुरू करायची सोय आहे का, एवढं घेताना विचारा.

कंट्रोलरवर सगळे पैसे घालून ड्रायव्हरवर काटकसर करू नका. शील्डवरचा ए४९८८ हा नेमा १७ मोटरपुरता. नेमा २३ ला सहसा ३-४ ॲम्पियर लागतात, तिथे डीएम५४२ सारखा वेगळा ड्रायव्हर आणि ३६ व्होल्टचा एसएमपीएस लावा. स्टेपर एक स्टेप चुकली तर कंट्रोलरला पत्ताच लागत नाही, तो पुढे कापत राहतो आणि आठ बाय चारची अख्खी शीट भंगारात जाते.

स्पिंडलचा व्हीएफडी हा या सगळ्यांचा शत्रू. त्याच्या नॉइजमुळे यूएसबी तुटतं, लिमिट स्विच उगाच लागतो. शील्डेड केबल, पक्कं अर्थिंग, मोटरच्या आणि सिग्नलच्या वायर वेगळ्या नळीतून. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, वायर तुटली तरी मशीन थांबेल. २.२ किलोवॅटचा स्पिंडल घरातल्या साध्या सॉकेटवर लावायचा नाही, त्याला स्वतंत्र लाइन आणि एमसीबी हवी. इमर्जन्सी बटण कंट्रोलरला नुसता सिग्नल देणारं नको, कॉन्टॅक्टरमधून स्पिंडल आणि मोटरचा पुरवठाच तोडणारं हवं. कंट्रोलर हँग झालेला असतो तेव्हाच त्याची गरज पडते.

खरेदीला लॅमिंग्टन रोड आहेच. अंधेरी-बोरिवलीवाल्यांना स्लो लोकलने थेट ग्रँट रोड, मुलुंड-घाटकोपरवाल्यांना दादरला बदलून. बेअरिंग, टूल, हार्डवेअर हवं असेल तर मस्जिद बंदरला नागदेवी. ऑनलाइन बोर्ड थोडा स्वस्त दिसतो, पण परदेशातून यायला दिवस किती, कस्टम किती, हे धरून बघा. मी तरी जो ड्रायव्हर लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानांत मिळतो तोच मशीनवर लावतो आणि एक जादा कपाटात ठेवतो. जीएसटीचं बिल मागा. रेग्युलर नोंदणी असेल तर क्रेडिट मिळतं, आणि वॉरंटीसाठीही तेच दाखवावं लागतं.

पैसे देण्याआधी कुठेतरी चालतं मशीन तासभर उभं राहून बघा. साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये ओळख काढा. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमाची फॅबलॅब आहे, २००२ पासून, एमआयटीच्या सहकार्याने सुरू झालेली, तिथे आधी विचारून जाता येईल. जाताना तुमच्या पहिल्या ऑर्डरचं डिझाइन पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि त्यांच्या ऑपरेटरला विचारा, हे कापायला किती वेळ लागेल. त्या वेळेवरून तुमचा तासाचा दर ठरतो. दर कसा काढायचा ते पुढच्या व्हिडिओत एक्सेल शीटसकट दाखवतो.