हाडांचा मान

१६८३च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेनं जुवे बेट घेतलं, तेव्हा गोव्याचा पोर्तुगीज व्हॉइसरॉय कोंद द आल्वोर याची पाचावर धारण बसली. शहर राखायला पुरेशी शिबंदी नव्हती. तो बॉम जेझुस चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडायला लावली आणि आपला राजदंड त्या देहापाशी ठेवून गोव्याचं रक्षण संतावर सोपवलं. पुढे शाहआलमची मोगल फौज चालून आली आणि मराठ्यांना मागे वळावं लागलं. श्रेय कोणाचं, यावर मराठी इतिहासकार आणि गोव्यातला भाविक यांचं एकमत व्हायचं कारण नाही. त्यानंतर नवे व्हॉइसरॉय आपला दंड या संताच्या साक्षीनं हाती घेऊ लागले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मेलेला माणूस राज्याचा धनी झाला होता.

मेलेल्याला हात लागला तर आंघोळ, दहा दिवस सुतक, अस्थी वाहत्या पाण्यात, अशा घरात वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. साडेचारशेहून अधिक वर्षांचा देह चांदीच्या पेटीत ठेवायचा आणि दर दहा वर्षांनी लोकांनी रांगा लावून तो पाहायचा, हा मृताचा मान की विटंबना? हा प्रश्न कॅथलिकांना बाहेरच्यांनीच विचारला असं नाही. त्यांचा तो आपसातलाही जुना वाद आहे.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारला. देह पुरताना पेटीत चुना भरला, कारण मांस लवकर झडलं की हाडं जहाजातून नेणं सोपं. म्हणजे बेत हाडंच नेण्याचा होता. काही आठवड्यांनी, १५५३च्या फेब्रुवारीत, पेटी उघडली तर देह शाबूत. तो मलाक्काला नेऊन पुन्हा पुरला, पुन्हा उकरला आणि मार्च १५५४मध्ये गोव्यात आणला. तिथे दर्शनाला झुंबड उडाली. पायांचं चुंबन घ्यायला वाकलेल्या एका बाईनं पायाचं बोट दातांनी तोडून नेलं, अशी हकीकत सांगतात. १६१४मध्ये जेझुइटांचे प्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांच्या हुकमानं उजवा हात कोपरापासून कापून रोमला धाडला. असंख्य लोकांना बाप्तिस्मा दिलेला हात तो हाच. तो आजही रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. दंडाचे तुकडे पूर्वेकडच्या जेझुइट ठाण्यांत वाटले गेले. २०१८मध्ये हाच हात कॅनडाच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा विमानात त्याच्यासाठी वेगळी सीट राखून ठेवली होती.

बाईच्या दातांना आपण वेडी भक्ती म्हणतो आणि आक्वाविवांच्या सुरीला धर्माज्ञा. मला दोन्हींत फार अंतर दिसत नाही. संताचा अंश आपल्याजवळ असावा, ही ओढ एकच.

या ओढीला धर्मशास्त्रात जागा आहे. ख्रिस्ती विचारात देह म्हणजे टाकून दिलेलं जुनं वस्त्र नव्हे. शेवटच्या दिवशी तोच देह पुन्हा उठायचा आहे. तेव्हा संताचं हाड हे अजूनही त्या संताचंच. ७८७च्या नायसिया धर्मपरिषदेनं प्रतिमांच्या बाबतीत सांगितलं की मान प्रतिमेला दिला तरी पोचतो तो मूळ व्यक्तीला, आणि पूजा मात्र एकट्या देवाची. प्रोटेस्टंटांनी अवशेषपूजेवर कोरडे ओढल्यावर ट्रेंटच्या परिषदेनं संत, अवशेष आणि मूर्ती यांच्याविषयीचा ठराव केला. तो ठराव ३ डिसेंबर १५६३चा. योगायोग असा की त्या दिवशी झेवियरला जाऊन बरोबर अकरा वर्षं झाली होती. अवशेषांना मान द्या, पण त्यांतली अंधश्रद्धा आणि पैशाचा बाजार बंद करा, असा त्याचा रोख होता. बाजार मात्र बंद झाला नाही. आजच्या कॅनन कायद्याच्या ११९०व्या कलमाला अवशेष विकायला सक्त मनाई करावी लागते, यावरून काय ते समजावं.

दुसरा सूरही तितकाच जुना आहे. संत ऑगस्टिनची आई मोनिका ३८७मध्ये इटलीत ओस्तिया बंदरात आजारी पडली. मायदेश आफ्रिका समुद्रापलीकडे. तिनं मुलांना सांगितलं की हा देह कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. पुढे ऑगस्टिननं मृतांच्या सोपस्कारांवर एक छोटा ग्रंथच लिहिला. त्याचं म्हणणं असं की थाटाच्या अंत्यविधीनं मृताचं भलं होत नाही, तो जिवंतांचा दिलासा असतो. तरीही देह टाकून देऊ नये, कारण तो बोटातल्या अंगठीपेक्षा माणसाच्या अधिक जवळचा. मला हा युक्तिवाद फार आवडतो.

आपल्याकडच्या कॅथलिकांत वस्तू आणि मृत यांची गाठ रोजच्या व्यवहारात पडते. मृताच्या हातांत जपमाळ गुंफून देतात आणि ती त्याच्याबरोबरच मातीत जाते. घरातली मोडकी मूर्ती किंवा फाटलेली पवित्र तसबीर कचऱ्यात टाकत नाहीत, ती जाळतात नाहीतर पुरतात. एकदा आशीर्वादित झालेली वस्तू जवळपास माणसासारखीच निरोप घेते. उलट वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत माणसाचीच वस्तू होते. गुडघा दुखतो त्यानं मेणाचा पाय वाहायचा, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर हवं असेल तर घर. ते घेणाऱ्यांत कॅथलिकेतरही पुष्कळ असतात. मेणाचा पाय वाहणारी आणि संताचं बोट तोडणारी, दोघी एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना उभ्या आहेत. एक आपला अवयव देऊन येते, दुसरी संताचा घेऊन जाते.

गेल्या साठ वर्षांत वादाचा रोख हाडांवरून राखेकडे वळला. १९६३मध्ये रोमनं दहनाला परवानगी दिली, पसंती दफनालाच ठेवली. २०१६मध्ये नवी सूचना निघाली. राख घरात ठेवायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, वाऱ्यावर वा पाण्यात सोडायची नाही आणि तिचे दागिने तर मुळीच करायचे नाहीत. मुलाला आईची चिमूटभर राख ठेवता येत नव्हती आणि संताचा हात मात्र विमानानं फिरत होता, ही विसंगती डोळ्यांत भरते. चर्चला तिची जाणीव असावी. २०१७च्या अवशेषांविषयीच्या सूचनेनं परवानगीशिवाय संताचा देह तोडायला मनाई केली. आक्वाविवांच्या सुरीला चारशे वर्षांनी लगाम बसला.

विज्ञानानंही यात हात घातला आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४मध्ये इराणात शिराझला धर्मासाठी मारली गेली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिची हाडं जुन्या गोव्यात आणून आपल्या मठात ठेवली. मठ ढासळला, जागा हरवली. पुरातत्त्व खात्याला उत्खननात सापडलेलं हाड तिचंच असावं, असा निष्कर्ष हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेनं डीएनए तपासून काढला. २०२१मध्ये भारतानं त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला भेट दिला. राणी ऑर्थोडॉक्स, हाडं जपणारे कॅथलिक. इथे कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. पण २०२४मध्ये झेवियरच्या देहाच्या डीएनए चाचणीची मागणी झाली तेव्हा गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. तपासणी तीच, हेतू वेगळा. कोण विचारतो आणि कशासाठी विचारतो, हे लोकांना नेमकं कळतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दर्शन सुरू झालं आणि रांगा लागल्याच.

साध्या माणसांच्या वाट्याला असली पेटी येत नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, वसईपासून गोव्यापर्यंतच्या दफनभूमींत थडगी धुऊन निघतात, झेंडू-शेवंतीचे हार पडतात, मेणबत्त्या लागतात आणि फादर तीर्थ शिंपडत ओळीओळीनं फिरतात. त्यांतली पुष्कळ थडगी मुक्कामापुरती असतात. जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी खड्डा पुन्हा उघडायचा, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा गावाच्या सामाईक अस्थिकुंडात ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. पाटलाची हाडं आणि त्याच्या गड्याची हाडं तिथे एकत्र पडतात. डिसेंबर २०२३मध्ये रोमनं राखेचे नियम थोडे सैल केले. मृताच्या जिव्हाळ्याच्या जागी राखेचा अगदी थोडा अंश ठेवता येईल, आणि अनेकांची राख एका पवित्र सामाईक जागी मिसळता येईल, फक्त प्रत्येकाचं नाव तिथे नोंदलेलं हवं. रोमला हा तोडगा नवा वाटला असेल. कोकणपट्टीतल्या चर्चच्या आवारांत जागेच्या टंचाईनं हाडांबाबत तो केव्हाच काढला होता.