सहावीत गेलेलं लेकरू आणि आपण



जून अर्धा सरला की नांदेड-लातूरकडच्या खेड्यापाड्यांत शाळेची घंटा पुन्हा वाजू लागते. पहिलीतल्या लेकराचं बोट धरून आई शाळेपर्यंत जाते. ‘राहील ना हो गुरुजी?’ असं दोनदा विचारते. तेच लेकरू सहावीत गेलं की आपण म्हणतो, ‘आता मोठं झालं, त्याचं ते बघंल.’ चूक होते ती इथंच. सहावी, सातवी आणि आठवीत पोरगा मजुरीला हाताशी येतो, पोरगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते, आणि हजेरीपटावरचं नाव हळूहळू गैरहजेरीत जातं.

लातूर पॅटर्नचं नाव महाराष्ट्रभर आहे. नांदेडच्या शिकवणी वर्गांतही दुरून मुलं येतात. पण तिथवर पोचायचं तर आधी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून आठवी नीट पार व्हावी लागते. त्यासाठी पालकांनी काही गोष्टी माहीत करून घेतल्या पाहिजेत.

दाखल्यावरची एक ओळ

शाळेच्या जनरल रजिस्टरात जे लिहिलं जातं, तेच पुढं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं. नाव, जन्मतारीख, धर्म, जात. आपल्या पुष्कळ घरांत बापाच्या दाखल्यावर एक नोंद, लेकाच्या दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’, तर लेकीच्या दाखल्यावर जातीचा रकाना कोरा असतो. धर्म बौद्ध लिहिला म्हणून सवलत जात नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. मात्र जातीचा दाखला काढताना मूळ जातीचा आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा जुना उतारा असेल तर जिवापाड जपा. आजा शाळेची पायरी चढलाच नसेल, तर भावकीतल्या कोणाचा जुना कागद किंवा महसुली नोंद शोधून ठेवा.

रजिस्टरात चूक असेल तर लेकरू शाळेत आहे तोवरच पुराव्यासह अर्ज करून ती दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार अवघड होते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि रजिस्टर यांत नाव अक्षर न अक्षर सारखं असावं. एका वेलांटीच्या फरकानं शिष्यवृत्ती अडकते.

हे मागायचं नाही, हे हक्काचं

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला आठवीपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि वर्षाला २२० दिवस शाळा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. मारणं, मनाला लागेल असं बोलणं याला बंदी आहे. दुर्बल आणि वंचित घरच्या लेकरांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारीही कायद्यानं शासनावर टाकलेली आहे.

दुपारच्या आहारात या वर्गांतल्या प्रत्येक मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं त्याच्या पोटात जावीत, असा हिशेब आहे. एखाद्या दिवशी दुपारी शाळेत जाऊन बघा. ताटात किती पडतं ते बघा, आणि आपलं लेकरू पंगतीत कुठं बसतं तेही बघा.

खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेसाठी एस. टी. चा पास मोफत मिळतो. ‘शाळा लांब आहे’ एवढ्यावरून लेकीचं शिक्षण थांबवू नका.

कोयता उचलण्याआधी

कंधार, मुखेड, लोहा, जळकोट या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कारखान्याकडं निघतात. गाडीत भांडीकुंडी चढतात, तसं लेकरूही चढतं. फडात गेलेलं सहावीचं पोर उन्हाळ्यात परत येतं तेव्हा अर्धं पुस्तक त्याच्याविना शिकवून झालेलं असतं. अशा लेकरांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी आधी यादी करावी लागते. म्हणून उचल घेतल्याबरोबर हेडमास्तरांना लेखी कळवा. सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कारखान्याजवळच्या सरकारी शाळेला लेकराला वर्षाच्या मध्येही दाखल करून घ्यावं लागतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

परीक्षा आणि पुढच्या वाटा

‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हा समज आता सोडा. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालेल्याची फेरपरीक्षा होते. तिच्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं, पण शाळेतून काढता येत नाही.

पाचवीत असतानाच नवोदयची परीक्षा देता येते. नांदेड जिल्ह्याचं नवोदय विद्यालय शंकरनगरला आहे, लातूर जिल्ह्याचं वेगळं आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठी समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळा सहावीपासून आहेत. मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. आठवीत एन. एम. एम. एस. ही परीक्षा असते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि लेकरू निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म कधी सुटतात, हे शाळेत आपण होऊन विचारा.

समितीत बसा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. दुर्बल आणि वंचित घरच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. पुष्कळदा नावं घरबसल्या ठरतात आणि रजिस्टर सहीला घरी येतं. तसं होऊ देऊ नका. मायबहिणींनी बैठकीला जावं, अनुदान किती आलं आणि कशावर खर्चलं ते विचारावं. तक्रार असेल तर ती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. कायद्याप्रमाणे तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा.

शेवटी एक घरातली गोष्ट. ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं अभ्यासातलं?’ असं पुष्कळ आया म्हणतात. रात्री भाकरी थापताना लेकराला चुलीजवळ बसवा आणि पानभर मोठ्यानं वाचायला सांगा. ते कुठं अडखळतं, हे न शिकलेल्या कानालाही कळतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना तेवढंच सांगा, ‘माझं लेकरू इथं अडतंय.’ एवढं झालं तरी सहावीतलं लेकरू एकटं पडत नाही.